‘हाक पोचली’चा दिवा

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५
सकाळी साडेआठ

चि. तनया,

आशीर्वाद. दसरा झाला, तुला सोनं द्यायचं राहिलं. भेटल्यावर देईन.

मी चार दिवस भाचीकडे, शेफालीकडे, चिंचवडला आलो आहे. तिच्याच फोनवरून लिहितो, तेही एका बोटाने, म्हणून पत्र आखूड. उलट फोन करू नकोस. कानयंत्र पेठेत राहिलं, आणि ते कानात असलं तरी फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, हे तुला ठाऊक आहे.

सहज एक विचारायचं होतं. ऑफिसातलं यंत्र ठीक आहे ना? टेबलाच्या कडेला चाचणीची घंटी आहे, ती दाब. हिरवा दिवा लागेल. दिव्याकडे बघू नकोस. तुझा फोन वाजतो का ते बघ आणि मला कळव.

काळजीचं काही नाही. म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठून कसली तरी चौकशी करावीशी वाटते, एवढंच.

अनंतकाका

*

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
दुपारी बारा

अनंतकाका,

फोन वाजला नाही.

पाच वेळा दाबली. पाचही वेळा हिरवा दिवा लागला आणि माझा फोन गप्प. मग यंत्राचा पडदा चालू केला. सगळं नेहमीसारखं दिसतंय, फक्त कोपऱ्यात नेटवर्कच्या जागी फुली आहे. तार काढून लावली, दुसरी तार लावली. यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या पाठीवरचे दोन दिवे लुकलुकायचे ना, ते मेलेत.

बुधवारी दुपारी थोडा वेळ वीज गेली होती. तेव्हाच काहीतरी झालं असणार. काल दसऱ्याची सुट्टी, मी आलेच नव्हते. म्हणजे बुधवारपासून आज दुपारपर्यंत आपलं यंत्र बहिरं आहे आणि मला माहीत नाही! तुम्ही नेमकं आजच कसं विचारलंत? तुमचं पत्र आलं नसतं तर मी सोमवारपर्यंत चहा पीत बसले असते.

चौसष्ट घरं, काका. चौसष्ट एकटी माणसं. गळ्यात आपली घंटी, भिंतीवर आपली डबी. बाथरूममध्ये पडलं, छातीत दुखलं, की दाबायची, मग यंत्र आमचा फोन वाजवणार आणि आम्ही पाच मिनिटांत दारात, असं मी स्वतः प्रत्येकाला सांगून आले आहे. डबीवर दिवा लागणार, त्याखाली तुमच्या अक्षरात ‘हाक पोचली’. आणि हाक कुठेच पोचत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी धम्मदीपला चार फोन केले. तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेलाय, गर्दीत फोन लागत नाही. उद्या दुपारी परत येईल. खराडीत दिवसभर नेटवर्कचंच काम करतो, त्याला जमलं असतं. आत्ता तुमच्याशिवाय कोणी नाही. मंडळाचे कार्यवाह साने यांना अजून बोलले नाही. घाईत लिहितेय, चुका झाल्या असतील तर समजून घ्या.

तनया

*

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
दुपारी साडेबारा

चि. तनया,

यंत्र राहू दे. आधी घरं.

कपाटात पत्त्यांची वही आहे, ती काढ. दत्तप्रसाद सान्यांना आत्ता सांग. ते रागावतील. रागावू देत, त्यांना तेवढंच जमतं. कार्यकर्ते गोळा कर आणि घरं वाटून घ्या. प्रत्येक दारात माणूस गेलं पाहिजे, आतल्या माणसाशी बोलून आलं पाहिजे. शेजाऱ्याला विचारून नाही. ‘बऱ्या आहेत हो, सकाळी नळाचा आवाज आला’ हे उत्तर चालणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ फेरी.

मग यंत्रासमोर बस. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत दोन आज्ञा दे. पहिली: एल-एस-पी-सी-आय, जागा, उणे, के. दुसरी: लास्ट, जागा, उणे, एक्स. जे उमटेल ते जसंच्या तसं लिही. तुझं मत लिहू नकोस.

अनंत

*

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
संध्याकाळी सात

अनंतकाका,

तुम्ही इतकं तुटक लिहिलंत की मला रडू आलं. तुमचा राग बरोबरच आहे.

साने यांना सांगितलं, पण ‘तपासणीची फेरी’ म्हणून सांगितलं. यंत्र बंद आहे हे नाही सांगितलं. मला भीती वाटते. तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझी बाजू घेतली नसती तर त्यांनी मला ठेवलंच नसतं.

सहा जणांनी मिळून साठ घरं केली. तेवीस माझी. काका, जिना चढताना काय होतं सांगू? पहिल्या मजल्यापर्यंत पाय नीट चालतात. मग दार दिसतं आणि मी एकेक पायरी मोजत चढते. बेल वाजवायची आणि थांबायचं. आतून पावलांचा आवाज येईपर्यंत मी दाराला कान लावून उभी. मुक्ताईआजींच्या दारात तर दोन मिनिटं काहीच आवाज नाही. नव्वद वय, त्यात हृदयाचं दुखणं. मी दार बडवायला लागले, तर मागून आवाज, ‘अगं, मी इथे आहे, मंडईत गेले होते. दार कशाला मोडतेस?’ हातात मेथीची जुडी! मी त्यांच्या पायरीवरच बसले. त्यांनीच मला पाणी दिलं.

राहिलेल्या चारांपैकी तिघं गावाला गेलेत, त्यांच्या मुलांशी बोलले. चौथे तुम्ही. तरी पाय वळले म्हणून तुमच्या दाराशी गेले. तुमची कडी उखडलेली दिसली, चौकटीचं लाकूडही फुटलंय, वर नवीन कुलूप. चोरी झाली का? खालच्या अभयना विचारलं, तर ते ‘चिंचवडला गेलेत’ एवढंच म्हणाले आणि घाईने आत गेले. मला त्यांचं वागणं ठीक वाटलं नाही. तुमच्या घरातलं काही गेलं नाही ना?

आता यंत्र. पहिल्या आज्ञेने पंचवीस-तीस ओळी आल्या. त्यात आपलं कार्ड आहे, नावासकट. पण बाकी वस्तूंखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते लिहिलंय, आपल्या कार्डाखाली ती ओळच नाही. दुसऱ्या आज्ञेने: बुधवार १ ऑक्टोबर, अकरा वाजून सहा मिनिटं, शटडाउन. अकरा एकोणीस, रीबूट. त्याच्या आधीचं रीबूट थेट १४ जून २०२१.

तनया

*

शनिवार, ४ ऑक्टोबर
सकाळी आठ

चि. तनया,

साठ घरांचं वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं. फेरी आजही चालू ठेव.

कडी जुनी होती, मीच बदलायला सांगितली. अभयचं डोकं खाऊ नकोस, तो भला माणूस आहे.

कार्ड जिवंत आहे. यंत्राला ते दिसतं, पण त्याच्याशी बोलता येत नाही. कारण काय, ते तुझ्या दुसऱ्या उत्तरात अर्धं आलं आहे. उरलेलं अर्धं तू लिहिलेलं नाहीस.

वीज गेली की यंत्राला निरोप घ्यायला सवड मिळत नाही, ते मध्येच मरतं. हे यंत्र रीतसर बंद केलेलं आहे. शिवाय टेबलाखाली चार तासांची बॅटरी आहे, ती काय शोभेला ठेवली होती? बुधवारी अकरा वाजता कोणीतरी खुर्चीवर बसून, बटण दाबून, ते बंद केलं. तेरा मिनिटांनी चालू केलं. मध्ये काय झालं?

मी रागावलेलो नाही. पण आजार एक आणि औषध दुसरं, असं करायला आपल्याकडे वेळ नाही. खरं लिही. आणि यू-नेम, जागा, उणे, आर ही आज्ञा दे. मग बूटच्या कप्प्यात कुठकुठल्या कर्नलांच्या फाइली आहेत त्यांची नावं पाठव.

अनंत

*

शनिवार, ४ ऑक्टोबर
सकाळी साडेनऊ

अनंतकाका,

वीज गेली नव्हती. मी खोटं लिहिलं.

बुधवारी खंडेनवमी होती. माझे बाबा भोसरीत लेथवर होते. नवमीला मशीन बंद करून, पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूचा हार घालायचे. ‘वर्षभर आपल्यासाठी फिरतं, एक दिवस त्याला उसंत द्यावी,’ म्हणायचे. ते गेल्यापासून घरात पूजेला लावायला हत्यारच नाही. मला वाटलं, माझं हत्यार हे. चौसष्ट माणसांना राखणारं यंत्र, आणि त्याला कधी कोणी फूल वाहिलं नाही. चालू यंत्राची पूजा करू नये म्हणतात, म्हणून बंद केलं. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

तुमची चिठ्ठी यंत्रावर आहे, ‘कोणत्याही कारणाने बंद करू नये’. मी ती वाचली आणि कुंकवाचं बोट तिच्यावरच टेकवलं. सुरू केल्यावर पडदा नीट आला, म्हणून नमस्कार करून घरी गेले. चाचणीची घंटी दाबली नाही.

अजून एक. कुंकू पंख्याच्या जाळीतून आत गेलं असेल, या भीतीने काल दुपारी मी झाकण उघडून पुसलं. कार्ड काढून पुन्हा बसवलं. तेही लिहिलं नव्हतं. देवाचं करायला गेले आणि हे झालं. कोणाला काही झालं असेल तर मी काय तोंड दाखवू?

आज्ञेचं उत्तर: आकड्यांची लांब ओळ आहे, शेवट १५६. बूटच्या कप्प्यात तीन कर्नल आहेत: शेवट १५६चा, १५३चा आणि एक ७४चा. मला यातलं काही कळत नाही.

तनया

*

शनिवार, ४ ऑक्टोबर
सकाळी दहा

तनया,

७४ आहे! ते वाचून इथे मी मोठ्याने ओरडलो, शेफाली धावत आली.

आता नीट वाच. कुंकवाने काही झालेलं नाही. कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी, आणि ड्रायव्हर म्हणजे त्याचा कार्डाशी बोलणारा दुभाषा. आपलं कार्ड मी जुन्या बाजारातून उचललं होतं. त्याचा दुभाषा यंत्राबरोबर येत नाही. २०२१च्या जूनमध्ये मी तो हाताने बांधला, आणि बांधला तो फक्त ७४ नंबरच्या कारभाऱ्यासाठी. त्यानंतर यंत्राने आपणहून नवे नवे कारभारी आणून ठेवले, पण ते गादीवर बसणार यंत्र बंद होऊन सुरू झाल्यावर. चार वर्षं ते बंदच झालं नाही. बुधवारी झालं. नवा कारभारी बसला आणि त्याला दुभाषा नाही.

हे मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. तीन वर्षं तुला शिकवलं, सगळं शिकवलं, हे सोडून. विसरलो म्हणालो तर तेही खोटं होईल. निवृत्त झालो तरी कधीतरी माझ्यावाचून अडावं, तुम्ही सगळे माझ्या दारात यावं, असं मनात होतं. त्याऐवजी ‘बंद करू नये’ अशी पाटी लावली. कारण न देता पाटी लावणारा माणूस मूर्ख असतो, आणि पुण्यात त्याला शिस्तीचा म्हणतात.

आता काम. भीती एकाच गोष्टीची आहे. वापरात नसलेले जुने कर्नल यंत्र रोज पहाटे आपणच झाडून टाकतं. ७४ आता वापरात नाही. तो अजून का राहिला देव जाणे, बहुधा नेट नसल्यामुळे. उद्या पहाटेपर्यंत राहील याचा भरवसा नाही. आजच करायला हवं.

आधी सान्यांना खरं सांग, मग हात लाव. घाबरलेला आणि लपवणारा असे दोन्ही हात एकदम कीबोर्डवर ठेवू नयेत. मग यंत्र बंद करून सुरू कर. पडदा उजळताच एस्केपचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. यादी येईल. त्यात ‘जास्तीचे पर्याय’ अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यात शिरून ७४ निवड. ‘रिकव्हरी’ लिहिलेला नको, साधा. यंत्र सुरू झालं की चाचणीची घंटी दाब.

ते सुरूच झालं नाही तर? डिस्क जुनी आहे, होऊ शकतं. मग धम्मदीप येईपर्यंत काही करू नकोस, दारोदार फेरी तेवढी चालू ठेव.

अनंत

*

रविवार, ५ ऑक्टोबर
सकाळी अकरा

अनंतकाका,

काल लिहायला हात धजला नाही.

साने यांना सगळं सांगितलं. त्यांनी कुंकू लागलेली ती चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, ‘पूजा केलीस ते ठीक. घंटी का नाही दाबलीस?’ मी यंत्राकडे वळले. पण ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, उठले नाहीत.

पहिल्या वेळी एस्केपला उशीर झाला, पुन्हा तोच १५६ आला. तरी घंटी दाबून बघितली, फोन गप्पच. पुन्हा बंद केलं. त्या वेळी पडदा काळा झाला आणि कितीतरी वेळ काळाच राहिला. डिस्कचा करकर आवाज येत होता. साने रामरक्षा म्हणायला लागले. मग यादी आली. ७४ निवडला. कार्डाच्या पाठीवरचे दोन्ही दिवे लुकलुकले, मी घंटी दाबली आणि माझा फोन वाजला. काका, मी तो उचललाच नाही, नुसता वाजू दिला.

धम्मदीप चार वाजता आला. ७४ पुसला जाणार नाही अशी सोय केली, नव्या कर्नलसाठीही दुभाषा बांधला, आणि सगळं वहीत लिहून घेतलं, पानभर. त्यानेच विचारलं, ‘या डब्यांना स्मरण असतं ना? न पोचलेल्या हाका साठवून ठेवतात?’ मला माहीत नव्हतं. त्याने छापायला दिलं.

बुधवार ते शनिवार. कागदावर एकोणीस ओळी.

सहा माझ्या, चाचणीच्या. दोन मुक्ताईआजींच्या, बुधवारी. त्यांना विचारलं, तर चष्मा सापडत नव्हता म्हणून दाबली म्हणे, मग तो डोक्यावरच सापडला. मी हसले. हसत हसत पुढची ओळ वाचली.

उरलेल्या अकरा ओळी एकाच घराच्या. गुरुवार, दसरा. पहिली अकरा वाजून एकवीस मिनिटांनी. मग अकरा सव्वीस. अकरा चाळीस. साडेबारा. मग तासातासाने. शेवटची सहा वाजून दहा मिनिटांनी.

घर नंबर सतरा. वही उघडायची गरज नव्हती.

ती कडी बदललेली नव्हती. ती फोडलेली होती. तुम्ही चिंचवडला नाही आहात ना? आणि एका बोटाने का लिहिता?

कुठे आहात, एवढंच सांगा.

तनया

*

रविवार, ५ ऑक्टोबर
दुपारी एक

चि. तनया,

यादी निघणार हे मला ठाऊक होतं, डब्यांना स्मरण मीच दिलं आहे. तोवर तुझं काम संपलेलं असावं, एवढीच इच्छा होती. पहिल्याच पत्रात सांगितलं असतं तर तू यंत्र सोडून माझ्याकडे धावली असतीस, आणि साठ दारं तशीच राहिली असती.

दाराला झेंडूचं तोरण बांधायला स्टुलावर चढलो. ‘स्टुलावर चढू नका’ हे चौसष्ट घरांत मीच सांगत फिरलो आहे. उजवा खुबा मोडला आणि उजवं मनगट. म्हणून डावं बोट.

घंटी गळ्यात होती. दाबली. पडल्या जागेवरून भिंतीवरची डबी दिसत होती, दिवा लागला. ‘हाक पोचली.’ मला काय आनंद झाला सांगू! पाच मिनिटांत तनया येईल म्हणून मी डाव्या हाताने धोतर सारखं केलं. पाच मिनिटं झाली. पुन्हा दाबली. पुन्हा दिवा. म्हटलं, दसरा आहे, पोरं अडकली असतील. तिसऱ्या वेळेपर्यंत मला कळलं होतं. तरी दाबत राहिलो, कारण दिवा लागला की दोन मिनिटं बरं वाटायचं. सात तास मी माझ्याच लबाडीवर काढले.

लबाडीच ती. तो दिवा फक्त बटणाला जोडलेला आहे, यंत्राला नाही. हाक पोचो न पोचो, तो लागतो. म्हाताऱ्या माणसाला धीर यावा म्हणून मीच तसा केला, आणि मोठ्या शहाणपणाचं केलं असं मला वाटत होतं. तो लागला नसता तर मी पहिल्या दहा मिनिटांत ओरडायला लागलो असतो, तेव्हा अभय घरात होता. नंतर ओरडलो तेव्हा तो बाहेर गेला होता. संध्याकाळी सोनं द्यायला आला, दार उघडेना, म्हणून वाचलो. त्याला आणि शेफालीला गप्प राहायची शपथ मीच घातली.

तू तेरा मिनिटं यंत्र बंद केलंस. ते इतकं महाग पडावं अशी सगळी तयारी माझी होती. हे मनावर घे आणि रडू नकोस.

एक काम सांगतो. चौसष्ट डब्यांमधला तो दिवा बदलायचा. नुसत्या बटणाने लागता कामा नये. पलीकडे माणसाने फोन उचलून ‘आले’ म्हटलं, तरच लागावा. धम्मदीपला जमेल.

उद्या सकाळी नऊला खुब्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात भुलीचा धोका असतो. ते वाक्य संपवून निघून गेले, मी तेव्हापासून छताकडे बघतो आहे. मला भीती वाटते, तनया. जमिनीवर पडलो होतो तेव्हा वाटली नव्हती इतकी वाटते. इथेही उशाशी एक बटण आहे, त्यालाही दिवा आहे. मी ते अजून दाबलेलं नाही.

स्टेशनजवळच्या ट्रस्टच्या दवाखान्यात आहे. दुसरा मजला, खिडकीकडची खाट. भेटायची वेळ चारची.

अनंतकाका

*

रविवार, ५ ऑक्टोबर
दुपारी एक वाजून दहा

अनंतकाका,

दिव्याचं काम उद्यापासून. चारपर्यंत मी थांबणार नाही, वॉचमनशी भांडेन.

रिक्षात बसले आहे. आले.

तनया